घरातल्या सहा जणांसाठी गाडी: आत जागा नेमकी कुठे असते आणि बसायला सुख कशाने मिळतं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे. मायलेज, इंजिन, पिकअप यावर इथे भरपूर लिहून झालंय, त्यामुळे ते सगळं बाजूला ठेवून या धाग्यावर फक्त आतली जागा आणि बसणं एवढंच बोलूया अशी विनंती.

घरात सहा माणसं. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात, बाबा सहा फूट उंच, मी, बायको, मुलगी तिसरीत आणि धाकटा तीन वर्षांचा, म्हणजे त्याची चाइल्ड सीट आलीच. गाव देवगडजवळ. गणपती आणि मे महिना या दोन वेळा सगळे एकत्र जाणार, पुणे-कोल्हापूर-गगनबावडा आणि मग करूळ घाट उतरून खाली. बाकी वर्षभर गाडीत दोन किंवा तीन माणसं.

गेले काही शनिवार-रविवार आम्ही शोरूम फिरतोय, आईबाबांना बरोबर घेऊन, आणि मी खिशात मेजर टेप ठेवतो. सेल्समन आधी थोडे बिचकतात पण मापं घेऊ देतात. आणि फिरून फिरून मला असं ठाम वाटायला लागलंय की हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, एमपीव्ही ही नावं गाडी बाहेरून कशी दिसते त्याची आहेत, आत बसणाऱ्याच्या कंबरेशी आणि मांडीशी त्यांचा फारसा संबंध नाही. वॅगनआर लांबीला ३६५५ मिमी, म्हणजे यादीतली जवळपास सगळ्यात आखूड गाडी, पण आई ज्या सहजतेने तिच्यात बसली आणि उतरली तशी ती दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसली नाही. आणि साडेचार मीटरच्या सेडानमध्ये पाय पसरायला अंगण, पण उतरताना तिला दाराची चौकट धरून दोनदा झोका घ्यावा लागला आणि शेवटी बाबांनी हात दिला.

तर ज्यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या वापरल्यात, विशेषतः घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर घेऊन, त्यांनी सविस्तर लिहा. ब्रोशरमधले आकडे मला पाठ झालेत, बसण्याचा अनुभव हवाय.

घाटवाटा

चांगला धागा काढलास दादा, या विषयावर कधीपासून लिहायचं होतं.

आधी लांबीचा हिशोब. गाडीची एकूण लांबी बघून आतल्या जागेचा अंदाज करू नये, व्हीलबेस बघावा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. पहिल्या दोन रांगा साधारण याच टप्प्यात बसवलेल्या असतात. वॅगनआरचा २४३५ मिमी, स्विफ्टचा २४५०, ब्रेझाचा २५००, होंडा सिटीचा २६००, क्रेटाचा २६१०, स्लाव्हिया आणि व्हर्टसचा २६५१, अर्टिगाचा २७४०, इनोव्हा क्रिस्टाचा २७५०, कॅरेन्सचा २७८०, हायक्रॉसचा २८५०. आता यात गंमत बघ, रेनो ट्रायबर चार मीटरच्या आतली गाडी आहे, ३९९० मिमी, आणि तिचा व्हीलबेस २६३६, म्हणजे क्रेटापेक्षा जास्त. चाकं पार कोपऱ्यात ढकलून ती जागा काढलीये.

हे चार मीटरचं प्रकरण आपल्याकडचंच आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांना एक्साइजमध्ये सूट मिळाली, तेव्हापासून कंपन्यांनी त्या चार मीटरमध्ये काय काय कोंबता येईल ते कोंबलं. २००८ ला इंडिगो सीएस आली, सेडानची शेपटी कापून चार मीटरमध्ये बसवलेली पहिली गाडी, आणि मग डिझायर, अमेझ अशी रांगच लागली. आत्ताच्या जीएसटीतही तीच रेघ आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. त्यामुळे आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांची मागची सीट आणि डिकी ही कर वाचवायच्या मापात बसवलेली असते हे लक्षात ठेवायचं. डिकी मोठी दाखवायची तर सीट पुढे सरकवा, पाठ जास्त उभी करा, नाहीतर सीटची बैठक आखूड करा, यातलं काहीतरी करावंच लागतं.

आणि यातली बैठक आखूड करणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, कारण शोरूममध्ये पाच मिनिटं बसलं की ते कळतच नाही. उलट बैठक आखूड असली की गुडघ्यापुढे जागा जास्त दिसते आणि माणूस खूश होतो. मग खंबाटकी ओलांडेपर्यंत मांड्या भरून येतात कारण मांडीचा पुढचा अर्धा भाग अधांतरी आणि सगळं वजन माकडहाडावर. बसल्यावर गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून सीटच्या कडेपर्यंत तीन-चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत, वीतभर राहत असतील तर ती सीट लांबच्या प्रवासाची नाही.

चाकरमानी

देवगडला जाणार म्हणजे डिकीचा विचार आधी करा. सात सीटरची डिकी तिसरी रांग उभी असताना नावापुरती असते. अर्टिगा २०९ लिटर, कॅरेन्स २१६, ट्रायबर तर ८४ लिटर. ८४ लिटर म्हणजे दोन सॅक आणि पाण्याची बाटली. त्याच ट्रायबरची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, मग ६२५ लिटर होतात, पण मग ती पाचचीच गाडी झाली. तुमची माणसं सहा, म्हणजे मधलाच त्रास.

येताना आंब्याच्या पेट्या असतील तर त्या टपावर बांधू नका, मे महिन्यातलं ऊन कोल्हापूरपर्यंत पेटीचा पार शेक काढतं. कपड्यांच्या बॅगा वर, पेट्या आत पायापाशी.

सिंहगडरोडकर

@चाकरमानी, अगदी हाच प्रश्न आहे. सहा माणसं बसवली की सामान बाहेर, सामान घेतलं की एक माणूस बाहेर. कॅरिअर लावायची तयारी आहे.

@घाटवाटा, तीन-चार बोटांचं फार उपयोगी पडेल. अजून एक गोष्ट मी करतो ती सांगतो, बऱ्याच शोरूममध्ये पुढची सीट पार पुढे ओढून ठेवलेली असते म्हणून मागे भरपूर जागा दिसते. आधी मी ड्रायव्हर सीटवर बसून माझ्या उंचीप्रमाणे ती मागे घेतो, आणि मग त्याच सीटच्या मागे बाबांना बसवतो. गुडघा आणि पुढच्या सीटच्या पाठीत एक मूठ बसली पाहिजे आणि पावलं पुढच्या सीटखाली गेली पाहिजेत. ड्रायव्हर सीटची उंची खाली केली की काही गाड्यांत पाऊल खाली सरकतच नाही, हे पण करून बघायचं.

डॉ. वैदर्भी

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरला. आईंच्या गुडघ्यांबद्दल वाचलं म्हणून लिहितेय.

तुमच्या आईंना वॅगनआर सोपी गेली त्याचं कारण सरळ आहे. ती सीट जमिनीपासून जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीच्या आसपास उंचीवर येते. बसताना खाली जायचं नाही, वर चढायचं नाही, फक्त मागे टेकायचं. सेडानमध्ये सीट खाली असते, छप्परही खाली, सिटीची उंची १४८९ मिमी आणि वॅगनआरची १६७५. सेडानमध्ये शिरताना गुडघा जास्त वाकवावा लागतो, मान खाली घालावी लागते आणि उतरताना सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर घेऊन उठावं लागतं. वाट्या बदललेल्या माणसाला हेच नको असतं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना तर आम्ही स्पष्ट सांगतो की खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाईल अशा सीटवर सुरुवातीचे महिने बसायचंच नाही.

याच्या उलट टोक म्हणजे मोठी एसयूव्ही. तिथे फ्लोअरच इतका उंच की एक पाय वर ठेवून त्याच एका पायावर शरीर उचलावं लागतं, जिना चढल्यासारखं, फक्त पायरी दीडपट उंच. पायदान लावलं तर दोन टप्पे होतात, बरं पडतं, पण अरुंद गोल नळीचं पायदान नको, पाऊल पूर्ण मावेल असं रुंद आणि खरखरीत हवं. पावसात गोल नळीवरून पाय सटकलेले पेशंट मी बघितलेत.

बसायची पद्धत आईंना शिकवा. आधी पाठमोरं उभं राहायचं, हाताने सीट चाचपायची, बूड टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरायचं. कापडी सीट असेल तर खाली एक प्लास्टिकची पिशवी ठेवा, फिरणं एकदम सोपं होतं, नीट बसल्यावर ती काढून घ्यायची. आणि दर तास-दीड तासाने उतरून थोडं चालायचं, गाडी कितीही चांगली असली तरी. समृद्धीवर लोक नागपूर ते शिर्डी एका बैठकीत मारतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात.

उंचावरून

माझी उंची सहा दोन. बाबांसाठी सांगतो, सनरूफवालं मॉडेल आणि बिनसनरूफचं मॉडेल दोन्हीत बसवून बघा. सनरूफच्या पट्टीसाठी छत खाली येतं, काही गाड्यांत डोकं टेकायला लागतं आणि घाटात खड्ड्यात गाडी आपटली की टाळूला लागतं. शिवाय उतरत्या छताच्या ज्या कूपे टाइप एसयूव्ही आल्यात त्यात मागे बसून मान मागे टेकवून बघा, समोर बघत बसलं की कळत नाही.

बाकी सेडानची बाजू मी घेणार. एकदा आत बसलात की सेडानची मागची सीट म्हणजे सुख आहे, पाठ तिरकी, मांडीला आधार, गाडीचा सेंटर खाली असल्याने घाटात माणूस डावी-उजवीकडे फेकला जात नाही. माझ्या आजोबांना उंच गाडीत हमखास गाडी लागायची, सेडानमध्ये त्यांना झोप लागते. आणि डिकी, सिटीची ५०६ लिटर, व्हर्टस-स्लाव्हियाची ५२१. चार माणसांना सेडानसारखी गाडी नाही. पाचवा माणूस आला की मात्र मध्ये बसणाऱ्याचे हाल, स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये मधला उंचवटा मोठा आहे आणि रुंदीही दोघांपुरतीच धरायची.

सारथी नाशिक

टुरिस्टचा धंदा आहे माझा, वडलांपासून. वडील मुंबईत काळीपिवळी चालवायचे, फियाट पद्मिनी. पुढे अखंड बाक आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे मध्ये काही अडकायचं नाही. ती शेवटची पद्मिनी २००३ ला ताडदेव आरटीओत पासिंग झाली होती आणि वीस वर्षं भरली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. लोक आता आठवण काढतात पण मागे तीन मोठी माणसं बसली की गुडघे पुढच्या बाकाला लागायचे हे पण खरं.

आता मुद्द्याचं. मी सुमो चालवली, क्वालिस चालवली, अर्टिगा आहे, क्रिस्टा आहे. गिऱ्हाईक इनोव्हाच का मागतं सांगतो. २००५ ला इनोव्हा आली तेव्हापासून बघतोय, शिर्डी-शनिशिंगणापूर-त्र्यंबक करून माणूस संध्याकाळी उतरतो तेव्हा कंबर धरून उतरत नाही. मधल्या रांगेत सीट रुंद, बैठक लांब, काच मोठी आणि खाली. गाडी वजनदार, चेसिसवर म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, रिकामी असताना मागून थोडी उडते पण सहा-सात माणसं बसली की अशी बसते रस्त्यावर की विचारू नका. अर्टिगा रिकामी असताना मऊ आणि भरल्यावर मागून दबते, म्हणून पूर्ण भरल्यावर टायरमधली हवा पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी दिलीये तेवढी करा, नेहमीच्या हवेवर घाट उतरू नका.

तिसऱ्या रांगेचं मला विचाराल तर ती मागच्या चाकाच्या डोक्यावर असते, त्यामुळे प्रत्येक खड्डा आधी तिथे कळतो. फ्लोअर वर आलेला असतो म्हणून गुडघे छातीकडे येतात. म्हाताऱ्या माणसाला तिथे बसवायचं नाही, कुठल्याही गाडीत. आणि बोलेरोसारख्या गाडीत मागे ज्या समोरासमोरच्या आडव्या सीटा असतात त्यावर घरच्या पोरांना लांबच्या प्रवासाला बसवू नका, घाटात अंग एका बाजूला जातं, मळमळतं, आणि धडक झाली तर धरायला काही नसतं. गावातल्या गावात, शेतावर ठीक आहे.

घाटवाटा

सारथी काका, लाख बोललात. तिसऱ्या रांगेत धक्के जास्त का बसतात त्याचं थोडं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये बसणाऱ्याला दोन्हीकडचे धक्के अर्धे-अर्धे पोचतात, चाकावर बसणाऱ्याला पूर्ण. म्हणून कुठल्याही गाडीत सगळ्यात सुखाची जागा पुढची सीट आणि लांब व्हीलबेस असेल तर मधली रांग. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावं, समोरचा रस्ता दिसत राहतो.

रुंदीचंही बोलायला हवं, त्याकडे कोणी बघत नाही. वॅगनआर १६२० मिमी, अर्टिगा १७३५, सिटी १७४८, क्रेटा १७९०, कॅरेन्स १८००, क्रिस्टा १८३०, स्कॉर्पिओ एन १९१७. वॅगनआर उंचीला मोकळी वाटते पण मागे तीन मोठी माणसं म्हणजे खांद्याला खांदा. आता सगळ्या सीटांना तीन बिंदूंचा पट्टा येतो त्यामुळे पट्ट्याची कुलपं कुठे येतात ते पण बघा, काही गाड्यांत मधल्याचं कुलूप शेजारच्याच्या बुडाखाली जातं आणि मग कोणीच पट्टा लावत नाही.

चार्जवाली

इलेक्ट्रिक कोणी विचारात घेत असेल तर एक सांगते. बॅटरी फ्लोअरखाली असते. जी गाडी मुळात पेट्रोल-डिझेलची आहे आणि तिचीच इलेक्ट्रिक केलीये, त्यात फ्लोअर वर येतो पण सीट तेवढी वर घेता येत नाही कारण वर छप्पर आहे. मग पाट मांडून बसल्यासारखे गुडघे वर आणि मांडी अधांतरी. आमच्याकडे अशीच गाडी आहे, शहरात काही वाटत नाही, मुंबई-पुणे पण चालतं, पण सासूबाई मागे बसल्या की पायाखालचं मॅट काढून टाकते, तेवढाही फरक पडतो.

मुळातून इलेक्ट्रिक म्हणून बनवलेल्या गाड्यांचं वेगळं, पुढची-मागची चाकं एकमेकांपासून लांब आणि मध्ये उंचवटा नाही. एमजी विंडसरचा व्हीलबेस २७०० आहे ४२९५ मिमीच्या गाडीत, आणि मागची पाठ १३५ अंशांपर्यंत मागे जाते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई दोन्हींचा २७७५. पण यातली एकही सहा जणांची नाही, त्यामुळे तुमच्या कामाची नाही.

सिंहगडरोडकर

@डॉ. वैदर्भी ताई, प्लास्टिकच्या पिशवीचं काल संध्याकाळीच करून बघितलं, आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये. आई स्वतःहून म्हणाली की इतके दिवस हे कोणी का नाही सांगितलं. मनापासून आभार.

@सारथी काका, मधल्या रांगेचं तुम्ही म्हणालात ते आम्हाला पण जाणवलं. क्रिस्टा आणि हायक्रॉस दोन्हीत बसलो. क्रिस्टामध्ये चढायला आईला पायदान लागलं, कडी धरून एकदा चढली की आत राणीसारखी. हायक्रॉस चेसिसवाली नाही त्यामुळे आतला फ्लोअर खाली वाटला आणि आईला कडी धरावी लागली नाही. वरच्या मॉडेलमध्ये मधल्या रांगेला पोटरीखाली आधार बाहेर येतो, तो बघून बाबा उठायला तयार नव्हते. पण हायक्रॉसचं वरचं मॉडेल आमच्या बजेटच्या बरंच बाहेर आहे, ते स्पष्ट सांगतो. वापरलेली क्रिस्टा बसू शकते.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही आम्ही यादीतून काढल्या. सहावा माणूस बसत नाही हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेरून जेवढ्या दांडग्या दिसतात तेवढी आत जागा नाही. मागच्या दाराची काच शेपटीकडे वर चढत जाते, मुलीला बाहेरचं काही दिसत नाही, आणि तिला गाडी लागते ती याच कारणाने. बाबांचं तर म्हणणं आहे की मुलांच्या नजरेला खिडकी येत नसेल तर ती गाडी घरच्यांसाठी बनवलेलीच नाही. मला ते पटलं.

न्यू जर्सीहून

इकडे हा प्रश्न मिनीव्हॅनने सोडवलाय. आईबाबा दर उन्हाळ्यात येतात म्हणून आम्ही सिएना घेतली. सरकतं दार, खाली फ्लोअर, सीट बरोबर कमरेच्या उंचीला, आई पहिल्या दिवसापासून एकटी चढते-उतरते. सरकत्या दाराचा फायदा पार्किंगमध्ये कळतो, शेजारी गाडी चिकटून असली तरी दार पूर्ण उघडतं. तिकडे कार्निव्हलला तशी दारं आहेत पण किंमत बघता सर्वसामान्य घरांसाठी ती नाही. ईकोला पण सरकतं दार आहे आणि मला खरंच वाटतं की कोणीतरी ईको आणि अर्टिगाच्या मधली, सरकत्या दाराची, चांगल्या सीटची गाडी भारतात काढावी.

बेळगावचा अण्णा

सीएनजी घेणार असाल तर अर्टिगात तिसऱ्या रांगेमागे टाकी येते, म्हणजे जी काय डिकी होती ती पण गेली. सहा माणसं आणि सीएनजी अर्टिगा असेल तर कॅरिअरशिवाय गत्यंतर नाही. टाटाने २०२३ ला अल्ट्रोझपासून एकाऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, वर सपाट जागा उरते, तसं सात सीटरमध्ये कोणी केलं तर फार लोकांची सोय होईल. कॅरिअरवर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेवढंच टाका. वजन वर गेलं की घाटात गाडी झुलते आणि आत बसलेल्यांनाच त्रास.

मृण्मयी

एक मुद्दा राहिलाय, सीट कव्हर. गाडी घेतल्या घेतल्या सगळे जाड रेक्झिनचं कव्हर चढवतात. एक तर उन्हाळ्यात पाठ भाजते, दुसरं म्हणजे जाड फोममुळे कंपनीने सीटला दिलेला आकार बुजतो, कंबरेचा खळगा भरून जातो आणि मग सीट चांगली नाही म्हणून बोलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साईड एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेत शिवलेली असते, तिच्यावरून घट्ट कव्हर घातलं तर ती उघडायला अडते. कव्हर घालायचंच असेल तर त्या बाजूची शिवण एअरबॅगसाठी मोकळी ठेवलेलं घ्या, नाहीतर सुती टॉवेल अंथरा.

कंबरेसाठी छोटी उशी माझ्या अनुभवात महागड्या सीटपेक्षा जास्त काम करते. कमरेच्या बेल्टच्या वर, बेंबीच्या मागे येईल अशी.

सिंहगडरोडकर

मृण्मयी ताई, एअरबॅगचं माहीत नव्हतं, आमच्या डिलरने उलट कव्हर फुकट देतो म्हणून सांगितलं होतं. नको म्हणणार.

तर आता सात ऐवजी सहा सीटरकडे मन वळलंय, मधल्या रांगेत दोन वेगळ्या कॅप्टन सीट आणि मधून वाट. एक्सएल६ किंवा सहा सीटर कॅरेन्स, नाहीतर मध्ये कॅप्टन सीटवाली वापरलेली सात सीटर क्रिस्टा मिळाली तर ती. बसण्याची मांडणी अशी ठरवतोय. मी ड्रायव्हिंगला, बाबा पुढे, कारण त्यांची उंची. मधल्या रांगेत आई आणि धाकट्याची चाइल्ड सीट शेजारी शेजारी, दोघांचं चांगलं जमतं. मागे बायको आणि मुलगी. बायको पाच फूट एक इंच आहे, तिने तिसऱ्या रांगेत बसून बघितलं, मधली सीट थोडी पुढे घेतल्यावर तिचं म्हणणं गगनबावड्यापर्यंत सहज बसेन. मुलीला गाडी लागते म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी ती आणि बाबा जागा बदलतील, बाबा तेवढ्यापुरते आईच्या शेजारी आणि धाकटा आईच्या मांडीवर... पण मग चाइल्ड सीटचं काय, ते हलवायचं म्हणजे पुन्हा खटाटोप. इथे अडलोय. चाइल्ड सीट नक्की कुठे लावावी, डावीकडे की उजवीकडे?

डॉ. वैदर्भी

चाइल्ड सीट अजिबात हलवायची नाही आणि धाकट्याला मांडीवर घेऊन घाट उतरायचा नाही, एवढं माझं ऐका. मुलीला पुढे पाठवायचंही मी टाळेन, तिसरीतल्या मुलीला पुढच्या सीटवर बसवू नका. घाटापुरती ती आईंच्या जागी मधल्या रांगेत येऊ दे, उंची कमी असेल तर खाली बूस्टर, म्हणजे मुलांना उंच बसवणारी छोटी बैठक, ठेवून. आई पुढे आणि बाबा मागे असं बदला. बाबांना तिसऱ्या रांगेत अवघडेल पण करूळ घाट काही फार लांब नाही.

सारथी नाशिक

चाइल्ड सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावा. आपल्याकडे माणसं डाव्या बाजूने, फुटपाथकडून चढतात-उतरतात, आईंची सीट डावीकडेच हवी. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट सरकवावी किंवा उलटवावी लागते आणि चाइल्ड सीट बांधलेली असली की ती बाजू हलत नाही, म्हणून चढायची बाजू मोकळी पाहिजे. आधी मागचे दोघं डावीकडून आत जाऊ देत, मग सीट पूर्वीच्या जागी आणून तिचा खटका बसला का हलवून बघायचं आणि सगळ्यात शेवटी आईंना बसवायचं. उतरताना आई आधी. धाकट्याला पट्टा लावायला मात्र उजवीकडून रस्त्यावर उभं राहायचं नाही, मधल्या वाटेतून आतून लावायचा, त्यासाठीच सहा सीटर बरी. शोरूमला जाल तेव्हा घरची चाइल्ड सीट घेऊन जा आणि हे सगळं एकदा तिथेच करून बघा.

सिंहगडरोडकर

काका, ताई, ठरलं. येत्या रविवारी चाइल्ड सीट, बूस्टर आणि घरच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन सहाच्या सहा जण जातोय, एक्सएल६ आणि कॅरेन्स दोन्ही गाड्यांत सगळे बसून दारं लावून घेणार आणि शोरूमवाल्याने परवानगी दिली तर तशीच भरलेली गाडी कात्रजचा घाट चढवून आणणार. आल्यावर इथेच लिहितो.